एकास एकचा हट्ट

मॅक्रो म्हणजे एकास एक, त्याखालचं सगळं नुसतं क्लोज-अप, हे मी बरीच वर्षं ठासून सांगत आलो. फूल प्रत्यक्षात जेवढं, तेवढंच सेन्सरवर उमटलं पाहिजे. कुणी हौसेने फोटो दाखवला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, “मॅग्निफिकेशन किती?” हे मत आता मी सोडलंय. सोडायला लावलं ते लडाखमधल्या एका वनस्पतीने, जी लांबून दगडच वाटते.

माझा हात बसला कासच्या पठारावर. सप्टेंबरात तिथे सगळे फुलांचे गालिचे टिपायला येतात आणि मला गालिच्यांचा मनस्वी कंटाळा. म्हणून ओल्या कातळावर पालथं पडून मी सीतेच्या आसवांची एखादी कळी, नाहीतर दवबिंदूच्या पानावरचा एकच चिकट थेंब शोधत बसायचो. शंभर एमएमची लेन्स आणि फ्लॅश. फ्लॅशचा उजेड मागपर्यंत पोचत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी काळीकुट्ट येते आणि फूल दागिन्यासारखं उठून दिसतं. वाहवा भरपूर मिळायची. त्यातली निम्मी त्या काळोखाची होती, हे तेव्हाही मला कळत होतं, पण कोण कशाला बोलतोय!

लडाखमधल्या चांग ला खिंडीत, 5,300 मीटरच्या वर, हे तंत्र घेऊन गेलो. एकास एकला एफ 11 ठेवलं तरी जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम घ्यायच्या आणि मग त्या जोडायच्या, तर वारा दोन फ्रेम सारख्या येऊ देईल तर शपथ. श्वास सोडून, क्षणभर थांबून बटण दाबायची आम्हा मंडळींची सवय. तिथे दर श्वासाला समुद्रसपाटीच्या निम्माच ऑक्सिजन मिळतो. श्वास रोखला की डोळ्यांपुढे काजवे. तरीही फोटो मिळाले. काही मिलिमीटरची पांढरी फुलं, पाकळीची कड न् कड स्पष्ट. आणि ते फोटो कुठल्याही बागेतल्या कुंडीत काढलेले म्हणून खपले असते.

ती वनस्पती म्हणजे थायलॅकोस्पर्मम. उतारावर पालथी घातलेली घमेली असावीत तसे तिचे हिरवट उंचवटे. बोटाने दाबा, दबत नाही. जवळून पाहिलं की कळतं, हजारो इवल्या फांद्यांची टोकं एकमेकींना इतकी खेटून आहेत की मध्ये सुई जायची नाही. वाळलेली पानं गळून पडत नाहीत. आतच राहतात, कुजतात, पाणी धरून ठेवतात. गोलाईवरून वारा घसरून जातो. उन्हाच्या वेळी ही उशीसारखी वनस्पती बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असते. एवढा पसारा व्हायला कित्येक दशकं लागतात. म्हणजे बघण्यासारखं जे होतं ते आकारात होतं, शेजारच्या खडीत होतं, वाऱ्याच्या दिशेला करपलेल्या बाजूत होतं. माझ्या चौकटीत यातलं काहीच येत नव्हतं.

आता मी वाइड लेन्स घेऊन उशीच्या अगदी तोंडाशी जातो, एफ 16 ठेवतो आणि मागचं मागे राहू देतो. पँगाँगकडे जाणारा रस्ता येतो, कधी लष्कराचा ट्रकही येतो. पूर्वी चौकटीतली काडी, खडा चिमट्याने उचलायचो. चिमटा आता बॅगेत नसतो, कारण वाऱ्याबरोबर आलेली माती आणि वाळू अडवूनच ही वनस्पती स्वतःची जमीन करते. गुडघा कुठे टेकवायचा हेही आधी पाहावं लागतं. रिकामी वाटलेली जागा बहुधा रिकामी नसते.

माझ्या एका जुन्या मित्राला हे मुळीच पटलेलं नाही. “अरे, यात फूल शोधावं लागतं!” शोधावं लागतं, खरंय. आणि त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. अँड्रोसेस नावाच्या वनस्पतीचंच घ्या. तिच्या इवल्या फुलाच्या मध्यभागी पिवळा डोळा असतो. फूल जुनं होत गेलं की तो लालसर होतो. एकाच गुच्छात पिवळे आणि लाल डोळे शेजारी शेजारी दिसतात. हे दाखवायचं तर लेन्स भिडवावीच लागते, तिथे दुसरा इलाज नाही. शंभर एमएम मी विकलेली नाही ती याचसाठी. मित्राला मात्र हे सांगितलेलं नाही.

एक अडचण उरतेच. नव्या पद्धतीचे फोटो मोबाइलवर साफ पडतात, कारण तिथे ते दगडांचे फोटो दिसतात. किमान तीन फुटांचा प्रिंट हवा, मग डोळा आपोआप दगडावरून उशीकडे आणि उशीवरून फुलाकडे जातो. असे दोन प्रिंट काढून घेतलेत. घरात तेवढी मोकळी भिंत एकच आहे, आणि तिच्यावर टीव्ही आहे.