खिसा

आमच्या अमडापुराच्या बाजारांत मोड ‘जेबेंत’ जाते, घरीं ‘खिशांत’. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे होतें. उर्दू कानांवर पडणारच. पण दोन्ही शब्द परकेच. ‘खिसा’ अरबी-फारशींतल्या ‘कीसा’ म्हणजे थैलीवरून आला. गुजराथी ‘खिस्सुं’ त्याचेंच भावंड. गोमंतकांत पोर्तुगीजांमुळें ‘बोल्स’ झाला.

जेबेची कथा अधिक मौजेची. अरबी ‘जैब’ म्हणजे वस्त्राची गळ्याखालची चीर. आपल्या गणितांतली ‘जीवा’ अरबांनीं ‘जीब’ म्हणून घेतली. लिपींत ऱ्हस्व स्वर नसल्यानें ती ‘जैब’ वाचली गेली आणि १२ व्या शतकांत लॅटिन भाषांतरकारांनीं तिचें ‘सायनस’ केलें. शाळेंतला ‘साइन’ तो हाच!

मग आपलें कांहींच नव्हतें काय? धोतरास नि लुगड्यास खिसा नसे. पैसा कनवटीस लागे, तांदूळ-नारळ ओटींत पडे. आमच्या आजीच्या किल्ल्या शेवटपर्यंत कनवटीसच होत्या. भाषाशुद्धीसाठीं खिशास घालवून द्यावें, हें आम्हांस पटत नाहीं. शिवलेल्या कपड्यांबरोबर येऊन तो घरचाच झाला आहे. ओटी सणावारीं तरी भरली जाते. कनवट मात्र लुगड्यामागोमाग चालली. परवां नातीस तिचा अर्थ सांगावा लागला, याचें वाईट वाटलें.