हॉटेलातला हिवाळा

परवा माझ्या धाकट्या नणंदेचा फोन आला. तिच्या मुलाला कंपनी डिसेंबरात चार महिन्यांसाठी मिनियापोलिसला पाठवते आहे. "वहिनी, तुम्ही राहून आलात ना तिथे? काय काय देऊ त्याच्याबरोबर?"

आता मी पडले शिक्षिका. प्रश्न विचारला की मुद्देसूद उत्तर द्यायचं ही जुनी खोड. सांगितलं तिला. सगळ्यात आत अंगाला घट्ट बसणारे थर्मल, त्यावर लोकरीचं, त्यावर वारा अडवणारा कोट. सुती बनियन आत नको, तो घाम धरून ठेवतो आणि मग त्याचाच गारठा अंगात भरतो. हातमोजे घेताना चारी बोटं एका पिशवीत राहतील असे घ्यावेत, सुट्या बोटांचे तितके ऊबदार नसतात. व्हॅसलिन, छोटा कुकर, मसाल्याचा डबा, लाटणं. ती बिचारी लिहून घेत होती.

फोन ठेवला आणि मग वाटलं, सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आज लिहायला बसले.

२०१३-१४ च्या हिवाळ्यात मी बारा आठवडे मिनियापोलिसच्या एका हॉटेलात राहिले. हौसेने नव्हे. माझा मुलगा तेव्हा कंपनीच्या कामासाठी सतत फिरतीवर असे. तीन महिने या शहरात, दोन महिने त्या. आदल्या उन्हाळ्यात अशाच एका हॉटेलच्या न्हाणीघरात तो चक्कर येऊन पडला. तपासण्या झाल्या, मधुमेह निघाला. वय एकोणचाळीस! सूनबाईंची नोकरी, नात दहावीला. त्यांना घर सोडून जाणं शक्य नव्हतं. मग मीच म्हटलं, "मी येते. निदान वेळेवर भाकरी तरी खाशील." हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला तरी घरात कोणासाठी थांबायचं होतं?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचलो. आयुष्यभर कराडला राहिलेली मी. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे शाल आणि संध्याकाळी शेकोटी. इथे विमानतळाच्या दारातून बाहेर पडले आणि नाकातले केससुद्धा ताठ झाल्यासारखं वाटलं. श्वास घेताना छातीत सुई टोचावी तसं.

हॉटेलची खोली छान होती हो. दोन पलंग, एक टेबल, कोपऱ्यात ओटा आणि विजेच्या दोन शेगड्या. पण खिडकी उघडत नाही! काचेला हात लावला की गार, आणि खाली सतत घुंघुं करणारा हीटर. त्या कोरड्या हवेने तिसऱ्या दिवशी ओठ फुटले, चौथ्या दिवशी नाकातून रक्त आलं. दाराच्या मुठीला हात लावला की चटकन शॉक बसे. शेवटी मी आपला घरगुती उपाय केला. रात्री एक टॉवेल ओला करून खुर्चीवर पसरायचा आणि हीटरजवळ पातेलंभर पाणी ठेवायचं. सकाळपर्यंत टॉवेल कडकडीत वाळलेला असे.

डिसेंबरात तिथे पावणेआठच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारला सूर्य मावळतो. मुलगा सकाळी अंधारात जाई आणि अंधारातच येई. मधल्या वेळात मी आणि ती खोली. पहिला आठवडा मी नुसती घड्याळाकडे बघत बसले. भारतातली वेळ साडेअकरा तास पुढे. माझी सकाळ सुरू होई तेव्हा पुण्यात दिवेलागण झालेली. स्काइपवर नातीशी बोलणं झालं की माझा दिवस संपला, आणि खरं तर तो तेव्हा सुरू व्हायचा असे.

मग एक दिवस मुलाने मला 'स्कायवे' दाखवला. मिनियापोलिसच्या मध्यवस्तीत इमारतींना दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पुलांनी जोडलेलं आहे. १९६२ साली पहिला पूल झाला, आणि आता हे जाळं जवळजवळ पंधरा किलोमीटर पसरलं आहे. बाहेर काहीही असो, आत माणसं साध्या कपड्यांत हिंडत असतात. आमचं हॉटेल त्याला जोडलेलं होतं आणि मुलाचं ऑफिसही. मी रोज सकाळी दहाला निघायचं ठरवलं, शाळेची घंटा व्हावी तसं. पहिल्या दिवशी हरवले. कारण वर-खाली, डावं-उजवं सगळं सारखंच! मग वहीत नकाशा काढला. आठवड्याभरात एका कॉफीच्या दुकानातली मुलगी मला पाहून हात हलवायला लागली. खरं सांगते, त्या हात हलवण्याने जेवढी ऊब आली तेवढी कोटाने नव्हती आली.

आमची खोली झाडायला एक सोमाली बाई येई. त्या शहरात सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे. तिचं इंग्रजी थोडकं आणि माझंही बीए मराठी माध्यमातलं, त्यामुळे दोघींचं छान जमलं. एकदा तिने डब्यातला त्रिकोणी पदार्थ दाखवून म्हटलं, "संबूस." मी म्हटलं, "समोसा!" दोघी हसलो. बर्फावरून कसं चालायचं ते तिनेच शिकवलं. पावलं छोटी टाकायची, पाय सपाट ठेवायचे, अंगाचा भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. थोडक्यात पेंग्विनसारखं. खोलीच्या मध्यभागी तिने चालून दाखवलं आणि मी तिच्या मागे मागे. कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं!

स्वयंपाकाचीही गंमत झाली. दुसऱ्याच आठवड्यात मी मेथीला लसणाची फोडणी दिली आणि छतावरची ती धुराची घंटा असा टाहो फोडू लागली की मी पळी हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये. खालून एक तरुण धावत आला. त्याने टॉवेलने वारा घालून घंटा गप्प केली आणि मेथीकडे बघून विचारलं, "हे काय आहे?" त्याला वाटीत घालून दिली. तेव्हापासून फोडणी मंद आचेवर, पंखा लावून आणि दार बंद करून. हे तंत्र नणंदेला सांगायला हवं होतं.

मुलाचं काम मात्र गमतीवारी नेण्यासारखं नव्हतं. हॉटेलच्या नाश्त्याला गोड वॉफल आणि रस, ऑफिसात दिवसभर बसणं, संध्याकाळी उशिरा पिझ्झा. तीन वर्षं हेच. मी ज्वारीची भाकरी, डाळ आणि एक पालेभाजी सुरू केली. रात्री साडेसातला जेवण म्हणजे साडेसातला. जेवण झालं की त्याचे तळपाय बघायचे. मधुमेहात पायाची जाणीव कमी होऊ शकते, त्यात असली थंडी. बोट बधिर झालं तर ते कळायचंही नाही, आणि गरम पाण्याच्या पिशवीने भाजलं तरी कळायचं नाही. एवढा मोठा मुलगा पाय पुढे करून लाजत बसायचा.

जानेवारीत ती थंडीची लाट आली, 'पोलार व्होर्टेक्स' हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. ध्रुवाभोवती फिरणारी अतिथंड हवा खाली घसरली होती. सोमवार, ६ जानेवारी २०१४. पारा शून्याखाली तीस सेल्सिअसच्या आसपास. राज्याच्या गव्हर्नरने मिनेसोटातल्या सगळ्या सरकारी शाळा बंद ठेवल्या होत्या. १९९७ नंतर प्रथमच! पावसासाठी शाळा सोडलेल्या मी कितीदा पाहिल्या, थंडीसाठी प्रथमच. उघडी त्वचा काही मिनिटांत गोठेल असं टीव्हीवर सांगत होते. मुलाला घरून काम करायला सांगितलं होतं. घरून म्हणजे हॉटेलातून!

त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदाच दिवसभर एकत्र होतो. दुपारी मी त्याचे इस्त्रीचे शर्ट लावायला कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. नातीच्या शाळेचं वेळापत्रक. त्याच्या अक्षरात, बाजूला तिथल्या वेळा मांडलेल्या.

मी विचारलं, "हे कशाला रे?"

"काही नाही. रात्री झोप आली नाही की बघतो. आता तिचा गणिताचा तास चालू असेल, आता डबा खात असेल, असं."

मी गप्प. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "बाबा करायचे ना तसं."

"बाबा? कधी?"

"शहाद्याला. त्यांच्या ट्रंकेच्या झाकणात तुझ्या शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. मी सहावीत असताना मे महिन्यात त्यांच्याकडे आठ दिवस राहिलो होतो ना, तेव्हा मी विचारलं होतं. म्हणाले, आता तुझी आई आठवी अ वर असेल, आता तिला मोकळा तास, असं कळतं. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं.

वाचणाऱ्या नातेवाइकांना ठाऊकच आहे, आमचे हे सरकारी हिशेब तपासनीस. पंचायत समित्यांची दफ्तरं तपासायला गावोगाव जायचं. १९८० च्या दशकात सहा वर्षं धुळे जिल्ह्यात होते. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा झालेला नव्हता, शहादा, तळोदा, नवापूर सगळं त्यातच. महिना महिना लॉजमध्ये मुक्काम. मी कराडला, दोन मुलं, सासूबाई आणि शाळा. ते घरी आले की मी काय बोलत असे ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "तुम्हाला काय, आयतं ताट, ना मुलांचा अभ्यास ना दुखणी. लॉजमध्ये राजासारखे राहता." ते हसत, आणि भाजी आणायची पिशवी घेऊन बाहेर पडत. एका शब्दाने कधी सांगितलं नाही की खानदेशातल्या डिसेंबरात त्या खोलीत गारठतं, की संध्याकाळी सहानंतर काय करायचं हा प्रश्न पडतो.

तो प्रश्न मला कळला तो मिनियापोलिसला. हॉटेलात सगळं असतं. चादर रोज बदलून मिळते, पण आपण कालचे आहोत असं सांगणारी एकही वस्तू तिथे नसते. सकाळी बाहेर गेलं की खोली आपल्याला पुसून टाकते. मी जेमतेम महिनाभर होते, तेही मुलाबरोबर. यांनी सहा वर्षं काढली, एकट्याने. आणि मी त्यांना राजा म्हणत होते.

ती ट्रंक मी २००३ साली भंगारवाल्याला दिली. झाकणाला आतून जुना कागद होता एवढं आठवतं. एस.टी.चं वेळापत्रक असेल म्हणून मी वाकून पाहिलंही नव्हतं.

त्या रात्री मुलानेही थोडं मन मोकळं केलं. कधी कधी खोलीत जायला नको वाटतं म्हणून तास तासभर खाली लॉबीत बसतो, म्हणाला. सूनबाईंना हे सांगितलं नव्हतं. ती म्हणेल, तुला काय, सगळं आयतं! मी म्हटलं, "सांग तिला. ती म्हणाली तरी सांग. मी म्हणत होते म्हणून तुझे बाबा गप्प बसले, आणि आता मला कोणाशी बोलायचं ते उरलेलं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी स्काइपवर दोघं बराच वेळ बोलले. मी तेव्हा मुद्दाम स्कायवेवर फिरायला गेले.

संक्रांतीला त्याच दोन शेगड्यांवर तिळाच्या वड्या केल्या. त्या सोमाली बाईला, खालच्या त्या मेथीवाल्या तरुणाला आणि कॉफीच्या दुकानातल्या मुलीला दिल्या. मुलाला अर्धी. फेब्रुवारीअखेर परतलो. पुढच्या वर्षी त्याने फिरतीचं काम सोडून पुण्यातलं घेतलं. पगार थोडा कमी झाला, साखर आटोक्यात आली.

असो. तर नणंदेला काल मी पुन्हा फोन केला. म्हटलं, पोचल्या दिवशीच बॅग पूर्ण रिकामी करून कपाटात लाव म्हणावं, महिनोन्‌महिने बॅगेतून कपडे काढत राहू नये. दिवसा उजेडात रोज बाहेर पडायचं, दहा मिनिटं का होईना. एक वेळ तरी स्वतः शिजवायचं. कोणातरी एकाला आपलं नाव माहीत असू द्यायचं. आणि तुझ्या दिवसाचं वेळापत्रक त्याला लिहून दे.

ती हसायलाच लागली. "माझं कसलं वेळापत्रक, वहिनी? सकाळी फिरायला जाते, दुपारी झोपते, संध्याकाळी मालिका बघते."

म्हटलं, "तेच लिही. वेळा घालून."

मग तिला तिच्या दादाच्या ट्रंकेची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. फोन चालू होता.