न जेवणारा पाहुणा

पानावर बसलेल्या माणसाने 'पुरे' म्हटले म्हणजे त्याला आणखी हवे आहे, असा आपल्याकडील आतिथ्यशास्त्राचा पहिला सिद्धान्त आहे. पंगतीत जिलब्यांचे ताट घेऊन फिरणाऱ्या यजमानास पाहुण्याचा आडवा हात दिसत नाही, आणि दिसलाच तर तो संकोचाचे लक्षण समजला जातो. माणसांच्या बाबतीत हा सिद्धान्त कितपत खरा आहे, हे ज्याने त्याने आपल्या पचनशक्तीवरून ठरवावे. परंतु ज्याला तो मुळीच लागू पडत नाही, असा एक पाहुणा आमच्या घरी कायमचा राहावयास आला आहे, व त्याच्या पहिल्या जेवणाची हकीकत सांगण्याचा आज आमचा विचार आहे.

हा पाहुणा म्हणजे एक लहानसा अजगर. या शब्दाने वाचकांनी दचकू नये. आपल्या अरण्यांतला तो महाकाय अजगर वेगळा; हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ मुलखात राहणारा, आणि पूर्ण वाढला तरी चार-पाच फुटांच्या पुढे क्वचितच जाणारा. सध्या आमचे वास्तव्य इंग्लंडात आहे; येथे याला 'रॉयल पायथन', म्हणजे राजअजगर, म्हणतात. अमेरिकेत याचेच नाव 'बॉल पायथन'. भ्याला म्हणजे हा डोके मध्यभागी घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करून बसतो, त्यावरून हे दुसरे नाव पडले. राजा म्हणणारांनी त्याचा डौल पाहिला, चेंडू म्हणणारांनी त्याची भीती पाहिली. ज्याला याला जेवू घालावयाचे आहे त्याने दुसरेच नाव ध्यानात ठेवावे, असे आमचे मत आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात आमच्या चौदा वर्षांच्या कन्येने, दोन वर्षे साठविलेल्या पैशांतून, हे पिलू घरी आणले व त्याच्या चेंडूपणास शोभेल असे 'लाडू' हे नाव त्याला ठेवले. घरात आणल्यावर वजन केले ते २१२ ग्रॅम भरले. हा पाहुणा चार दिवसांचा नव्हे, हे तिला आम्ही आधीच बजावले होते. ही जात माणसाच्या घरी वीस-तीस वर्षे सहज जगते. अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या अशाच एका मादीने २०२० मध्ये अंडी घातल्याचे सर्वश्रुत आहे. तेव्हा कन्येचे लग्नकार्य होऊन तिची मुले शाळेत जाऊ लागली तरी लाडूचे पान मांडावेच लागणार, असा हिशेब होता. मात्र मांडलेल्या पानाकडे तो पाहावयास तयार होईना.

त्या वेळी आमच्या मातोश्री पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. काऊ-चिऊचे घास करून तीन पिढ्यांना भरविलेला त्यांचा हात. घरात एक जीव उपाशी आहे ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. "अरे, निदान वाटीभर दूध तरी ठेवा," असे त्या दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या. यात त्यांचे एकटीचे काही नाही. नागपंचमीला वारुळापाशी दूध-लाह्या ठेवणाऱ्या आपल्या साऱ्या समाजाचे हेच मत आहे. सर्पाच्या आहारात दुधाला स्थान नाही. तो उंदीर खातो, आणि शेतकऱ्याच्या धान्याचे रक्षण करतो ते त्यामुळेच. तरीही आपल्याला जे गोड लागते ते त्याच्यापुढे ठेवल्यावाचून आपले समाधान होत नाही. भक्तीत आणि आग्रहात फार अंतर नसते.

मातोश्री दत्तभक्त असल्यामुळे अजगराविषयी त्यांना दुसरीही एक माहिती होती. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांत अजगर एक आहे. नाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या टीकेमुळे हा प्रसंग महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. आयते येईल ते घ्यावे, गोड की बेचव हे पाहू नये, काही न आले तर स्वस्थ पडून राहावे, असा धडा अवधूताने या गुरूपासून घेतला. उत्तरार्ध अगदी खरा आहे. पूर्वार्धाविषयी मात्र, अवधूताची लाडूशी गाठ पडली असती तर त्याने पुनर्विचार केला असता. याच्याइतका चोखंदळ जेवणारा आम्ही पंगतीतही पाहिलेला नाही.

याचे कारण त्याच्या मूळ घरी सापडते. आफ्रिकेत हा प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ वाळवीच्या वारुळांत किंवा उंदरांनी सोडलेल्या बिळांत काढतो. आपल्या लोककथांतील वारूळ याच्या बाबतीत शब्दशः खरे आहे. अंगाला चारही बाजूंनी भिंत लागते आहे, अंधार आहे, ऊब आहे, तोवर तो निर्धास्त असतो. अशाला चहूबाजूंनी काचेच्या, प्रशस्त, दिव्याने उजळलेल्या पेटीत ठेवणे म्हणजे लाजऱ्या माणसाला लक्ष्मी रस्त्यावर पान मांडून जेवावयास बसविण्यासारखे आहे. तेव्हा आम्ही उभयतांनी प्रथम पेटीच्या तीन बाजूंस तपकिरी कागद चिकटविला. आत दोन लपणी ठेवली, एक उबेच्या बाजूस व एक थंड बाजूस. दोन्ही इतकी लहान की वेटोळे करून बसल्यावर पाठ छताला लागावी. मधली मोकळी जागा खोट्या पानांनी भरली. थर्मोस्टॅट लावून उबेकडील जमीन ३२ अंशांवर व दुसरी बाजू २६ अंशांवर राखली, आणि हवेतील ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास ठेवला. ऊब ही येथे चैनीची वस्तू नव्हे. सापाला स्वतःची उष्णता नसते; जमीन थंड असेल तर पोटातले अन्न पचत नाही, आणि न पचणारे अन्न न खाणे हा शहाणपणा तो जाणतो.

त्यानंतर एक आठवडा काहीच करावयाचे नव्हते, आणि हेच सर्वांत कठीण ठरले. पेटीचे झाकण उघडावयाचे नाही, त्याला हातात घ्यावयाचे नाही, फक्त पाणी बदलावयाचे. कन्या खोलीत पाऊल न वाजविता वावरू लागली. मातोश्री दारातून डोकावून विचारीत, "अगं, हलला का?"

आठव्या दिवशी पहिले पान मांडले. येथे आमच्या घरातील एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. आमचे घर शाकाहारी. सापासाठी मेलेले, गोठविलेले उंदीर येथे विकत मिळतात; ते कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न कन्येच्या हट्टापेक्षा मोठा होता. कणकेच्या डब्याशेजारी ते राहणे शक्य नव्हते. अखेर मोटारीच्या खोलीत एक छोटा निराळा फ्रीझर आला. मातोश्रींचा विरोध आम्ही गृहीत धरला होता, त्या एवढेच म्हणाल्या, "त्याचा धर्म त्याला. पण माझ्या सांडशीला हात लावायचा नाही." ज्याला हे सोसवत नाही त्याने साप पाळू नये. मांजराला वरणभात घालून स्वतःच्या मनाची समजूत काढता येते. येथे ती सोय नाही.

उंदीर रात्रभर शीतकपाटात ठेवून वितळवावा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवावा, आणि जिवंत प्राण्याच्या अंगाइतका ऊन झाल्यावर कोरडा करून लांब चिमट्याने पुढे धरावा, अशी रीत आहे. लाडूच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात. त्यांनी त्याला अंधारातही भक्ष्याची ऊब समजते. थंड घास त्याच्या लेखी दगडासारखा. हे सर्व यथासांग करून दिवे मालवून आम्ही चिमटा पुढे केला. लाडूने जीभ दोनदा हलविली आणि डोके वेटोळ्यात घातले. आठवड्याने पुन्हा तेच झाले. वजन २०७ वर आले.

या सुमारास सल्लागारांची गर्दी झाली. एका परिचिताने जिवंत उंदीर सोडावयास सांगितले. भूक नसलेल्या सापाजवळ उंदीर सोडला तर उंदीरच सापाला कुरतडतो, व त्या जखमा जीवघेण्या होऊ शकतात. शिवाय उंदराच्या त्या घटकेचाही विचार कोणी तरी करावयास हवा. दुसऱ्याने जबडा उघडून घास कोंबण्याची युक्ती सुचविली. निरोगी जनावराला असे करणे म्हणजे अन्नाची भीती शिकविणे होय. वजन शेकडा दहाच्या पुढे उतरले, किंवा तोंडाशी फेस अथवा श्वासात घरघर दिसली, तर पशुवैद्याकडे न्यावे. तोवर नाही, असे आम्ही ठरविले. कन्येला मात्र झोप लागेना. "बाबा, तो मरणार तर नाही ना?" या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही तिला अजगराच्या आतड्यांविषयी वाचून दाखविले: उपवासात ती रोडावतात, खर्च कमी करतात, आणि अन्न पोटात जाताच एक-दोन दिवसांत पुन्हा वाढतात. बेनिन देशातील उइदा येथील अजगरांच्या मंदिराचीही गोष्ट सांगितली. तेथे याच जातीचे अजगर पूज्य मानले जातात. त्यांना रात्री बाहेर सोडतात, ते आपले भक्ष्य आपण शोधतात, आणि कोणाच्या घरात शिरले तर घरमंडळी त्यांना न दुखविता परत आणून पोहोचवितात. तिने सर्व ऐकून घेतले व पुन्हा विचारले, "पण मरणार नाही ना?"

दुकानदाराने दिलेल्या कागदावर 'उंदीर' एवढेच अन्न लिहिले होते, तेव्हा आम्ही ज्याने हे पिलू वाढविले त्यालाच पत्र लिहून विचारले. उत्तर आले की, लाडू जन्मल्यापासून रॅटची पिले खात आला आहे. इंग्रजीत रॅट आणि माऊस हे दोन निराळे प्राणी. मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणून मोकळे होतो. दुकानाच्या कागदाने हीच मोकळीक घेतली होती. लाडूची भाषा अधिक काटेकोर निघाली. ज्या वासावर तो वाढला त्या वासाचेच तो अन्न समजत होता. दुसरे कितीही ऊन करून वाढले तरी ते त्याच्या लेखी अन्नच नव्हते.

चौतिसाव्या रात्री, वजन २०३ असताना, वीस ग्रॅमांचे रॅटचे पिलू त्याच्या लपणीच्या तोंडाशी धरले. या खेपेस डोके बाहेर आले, मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली, आणि पुढचे आम्हांस दिसलेच नाही. दिसले ते एवढेच की चिमटा रिकामा आहे. आधीच मेलेल्या त्या पिलाभोवती त्याने तीन वेढे घातले व पुरी दहा मिनिटे आवळून धरले. मग सावकाश त्याचे डोके शोधून काढले आणि तिकडून गिळावयास आरंभ केला. कन्या तोंडावर हात धरून उभी होती. मातोश्री आत आल्या नाहीत; दाराआडून त्यांनी, "गेला का घास?" एवढेच विचारले, आणि होय म्हटल्यावर देवापाशी जाऊन दिवा लावला. दोन दिवस त्याला कोणी हात लावला नाही.

तेव्हापासून कन्येने एक वही केली आहे. तीत दर आठवड्यास तारीख, वजन, आणि 'हो' किंवा 'नाही' असे लिहिले जाते. पुण्याहून मातोश्रींचा फोन आला की ती वही वाचून दाखवावी लागते. पुढल्या जानेवारीत, बाहेर बर्फ असताना, ओळीने सात 'नाही' लिहिले गेले; वजन तेवढ्यात चार ग्रॅम उतरले. पेटीची ऊब तपासली, ती ठीक होती. मग आम्ही काहीच केले नाही. आठव्या आठवड्यात मोटारीच्या खोलीतल्या फ्रीझरमधून एक पिलू कमी झाले.