गारठा आणि बॅटरी

पहाटे घोडेगावच्या मुक्कामावरून भीमाशंकरास निघावे म्हणून किल्ली फिरविली, तो गाडीने एक क्षीण 'टक्' असा ध्वनी केला आणि ती मूक झाली. थंडीने बॅटरी मारली, असे यजमान म्हणाले. परंतु वस्तुस्थिती अशी की, वैशाखाच्या उष्म्यात तिचे आयुष्य आतून झिजलेले असते आणि डिंभ्याच्या जलाशयावरून येणारा मार्गशीर्षातला गारठा त्या क्षयाची केवळ वर्दी देतो.

नव्या बॅटरीसाठी दुपारी मंचरचे दुकान गाठले. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली शिसे आणि गंधकाम्ल यांच्या योगे जी युक्ती सिद्ध केली, तीच सहा कप्प्यांत, प्रत्येकी सुमारे 2 व्होल्ट अशी, आजही आपल्या गाड्यांत नांदते. म्हणूनच नाममुद्रेपेक्षा बॅटरीच्या जन्मतारखेची खातरजमा मला अधिक मोलाची वाटते. पहिल्या बॅटरीवरची धूळ बोटाने पुसली, तर शिक्का वर्षभरापूर्वीचा. ती परत केली. दुसरी दोन महिन्यांची, मीटरवर 12.6 व्होल्ट दाखविणारी, गाडीच्या पुस्तिकेत नमूद केलेल्या अँपिअर-तासांचीच निघाली. हमीपत्रावर तारीख व शिक्का समक्ष घालून घेतला. जुन्नरला परतल्यावर मेकॅनिककडून अल्टरनेटरही तपासून घेतला, कारण तोच नादुरुस्त असता तर नवी बॅटरीही लवकरच निकामी झाली असती.

जुनी बॅटरी मात्र दुकानातच जमा करावी, ही वाचकांस कळकळीची विनंती. तिच्यातले शिसे घोड आणि कुकडी या नद्यांच्या पाण्यात उतरता कामा नये.