लाल रकान्यातली पोळी

थोडं मोठं लिहितेय, पण घरात लहान मूल असेल तर पूर्ण वाचा.

माझ्या भाचीचा मुलगा चार वर्षांचा. अंगाला खाज, गुडघ्यामागे चट्टे. कुणीतरी सुचवलं म्हणून ‘फूड इनटॉलरन्स’चं पॅकेज केलं. एका रक्ततपासणीत दोनशेच्या वर पदार्थ, हिरवे-पिवळे-लाल रकाने, गुळगुळीत कागद. लाल रकान्यात गहू, दूध, अंडं, शेंगदाणा. म्हणजे पोळी गेली, दही गेलं, दाण्याचं कूट घातलेली प्रत्येक भाजी-कोशिंबीर गेली. उरलं काय? तीन महिन्यांत पोराचं वजन वाढायचं थांबलं. खाज होती तिथेच.

मला तो रिपोर्ट म्हणजे भाचीच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची यादी वाटली! आणि ही तपासणी साधारण तेवढंच सांगते. ती रक्तातल्या ‘आयजीजी’ अँटिबॉडी मोजते. जे आपण नेहमी खातो त्याच्या या अँटिबॉडी धडधाकट माणसातही असतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली कणाकणाने दाणे देऊन सवय लावतात, तेव्हा आयजीजी-४ उलट वाढतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलंय, अन्नाच्या ॲलर्जीसाठी ही तपासणी करू नका.

“पण मावशी, लॅबला एनएबीएल आहे,” भाची म्हणाली. असेल की. आकडा बरोबर मोजलाही असेल. त्या आकड्यावरून ताटातलं काय काढायचं, हे कळत नाही ना!

खऱ्या ॲलर्जीत बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत पित्त उठतं, ओठ सुजतात, उलटी होते, धाप लागते. तिथे त्वचेवरची किंवा ‘आयजीई’ची तपासणी उपयोगी पडते, पण तीही लक्षणांशी ताडूनच. शंका राहिली तर हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांसमोर तो पदार्थ थोडाथोडा खायला देऊन बघतात. दूध न पचणं हा वेगळाच विषय, ती ॲलर्जी नव्हे. आणि गव्हाचा खरा आजार, सीलिॲक, त्याची रक्ततपासणी चांगली आहे. पण ती गहू चालू असतानाच करावी लागते. आधीच पोळी बंद केली तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. हे किती जणांना सांगतात?

बालरोगतज्ज्ञांनी एक्झिमा सांगितला, मलम दिलं, आणि बंद केलेलं एकेक करून त्यांच्या देखरेखीखाली सुरू केलं. मनाने नाही हं. एक्झिमा असलेल्या मुलाला बरेच दिवस बंद ठेवलेला पदार्थ परत देताना कधीकधी खरीच रिॲक्शन येते.

आता आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये येत्या रविवारी याच पॅकेजचा ‘सवलतीतला’ कॅम्प आहे. मी सेक्रेटरींना लेखी दिलंय: शुगर तपासा, हिमोग्लोबिन तपासा, एवढं मात्र यादीतून काढा. अजून उत्तर नाही. तुमच्याकडे असं पत्रक आलं असेल तर लॅबचं नाव झाकून कमेंटमध्ये टाका. मीटिंगमध्ये दाखवायला उपयोगी पडेल.