चार्जरसोबत आलेल्या पांढऱ्या केबलला

प्रिय पांढरी केबल,


भाचीच्या लग्नाचं शूटिंग आठवतंय ना? 200 जीबी. व्हिडिओवाला एसएसडी घेऊन आला, पण त्याची केबल स्टुडिओतच राहिली. मग मी ड्रॉवरमधून तुला काढलं. ‘दहा मिनिटांचं काम,’ म्हणत तो चहाला बसला. स्क्रीनवर आकडा उमटला: दीड तास.

मी आधी लॅपटॉपला शिव्या घातल्या. मग अँटिव्हायरस बंद केला, पोर्ट बदललं, रीस्टार्ट केलं. व्हिडिओवाल्याच्या डिस्कवरही संशय घेऊन झाला, तोही त्याच्याच तोंडावर. तू मात्र संशयातून सुटलीस, कारण दोन्हीकडे नीट बसली होतीस. बसली म्हणजे चालते, ही आपली जुनी समजूत.

तुझी चोरी पकडली ती कॉपीच्या आलेखाने. डिस्क दमली की रेघ आधी वर चढते आणि मग कोसळते. हजारो बारीक फायली असल्या की दातेरी होते. इथे ती सेकंदाला 40 एमबीच्या आसपास आडवी, दोरी ताणून बांधल्यासारखी. हा आकडा यूएसबी 2.0चा, म्हणजे 2000 सालचा. कागदावर त्याचा वेग 480 मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे झाले 60 एमबी. त्यातूनही देवाणघेवाणीचा खर्च वजा जाऊन हातात पडतात पस्तीस-चाळीस.

तुझं तोंड टाइप-सीचं, चोवीस पिनांच्या घराण्यातलं. पोटात मात्र विजेच्या तारा आणि डेटाची ती जुनी एकच जोडी. 2008मध्ये आलेल्या 5 गिगाबिटच्या यूएसबी 3.0ला वेगळ्या जोड्या लागतात, त्या तुझ्यात घातलेल्याच नाहीत. फोन चार्ज करायला त्या लागत नाहीत, आणि तेवढेच पैसे वाचतात.

दोष तुझा नाही. सगळ्यांना एकच गणवेश चढवून छातीवर नावाची पट्टी लावायची नाही, असा कारभार ज्यांनी चालवला त्यांचा आहे. जुन्या चपट्या पोर्टात निदान निळं प्लॅस्टिक तरी बघायला मिळायचं. (त्याचीही खोड होतीच: पिन फार हळुवार घातली तर कधीकधी आधी जुने चार संपर्क जुळायचे आणि कॉम्प्युटर तिला 2.0च समजून बसायचा. काढून एका दमात घातली की ताळ्यावर.)

शेवटी स्टुडिओतला पोरगा आखूड काळी केबल घेऊन आला. तीच डिस्क, तोच लॅपटॉप, तेच पोर्ट. सगळं पहिल्यापासून कॉपी केलं. नऊ मिनिटं लागली.

तुला फेकलेलं नाही. टोकाला कागदी चिकटपट्टी गुंडाळून वर ‘फक्त चार्जिंग’ लिहिलंय. ड्रॉवरमध्ये तुझ्यासारख्या आणखी चार निघाल्या. त्यांची तपासणी रविवारी.

तुझा,
लग्नघरचा मामा