यंदा तमाशा येतोय

वारूळवाडी नारायणगावाला लागूनच आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, बोलणी होतात, सुपारी ठरते आणि ही मंडळी गावी जाऊन सांगतात, ‘यंदा आपल्याकडं अमक्यांचा तमाशा येतोय.’ तमाशाला अजून कितीतरी दिवस असतात. सुपारी ठरेपर्यंत याच तोंडांत ‘येईल’, ‘बघू’, ‘आणू’ असतं. इसार दिला की ‘येईल’चं ‘येतोय’ होतं.

इंग्रजी व्याकरणात याचा नियमच आहे: पुढची गोष्ट पक्की ठरलेली असेल तर चालू वर्तमानकाळ वापरा. ‘दे आर कमिंग नेक्स्ट मंथ.’ मुलांना तो अपवाद म्हणून घोकायला लावतात, याचं मला फार वाईट वाटतं. ‘उद्या आळेफाट्याला चाललोय’ म्हणणाऱ्या पोराला तो नियम घरूनच आलेला असतो. ‘आम्ही वारूळवाडीत राहतो’ आणि ‘दादा सध्या चाकणला राहतोय’ यांतला कायमचं आणि तात्पुरतं हा फरकही त्याला कुणी शिकवलेला नसतो. इंग्रजी नेमका तोच फरक करते.

चालू काळाचा धडा जवळच्या खोडदलाही मिळतो. तिथं जीएमआरटी या प्रकल्पाच्या रेडिओ दुर्बिणी आहेत. एकूण 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. काही खोडदला, बाकीच्या दूरवर तीन दिशांना पसरलेल्या. पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हा निघालेल्या लहरीही त्या आज टिपतायत. निघणं केव्हाच संपलं, पोचणं चालू आहे. काळ क्रियेचा असतो, वस्तूचा नव्हे, हे मला त्या तबकड्यांकडे बघताना जितकं पटलं तितकं कुठल्याही पुस्तकानं पटलं नाही.

मराठीवरून इंग्रजीत जाताना अडतं ते मनाच्या क्रियापदांपाशी. मराठीत ‘मला कळतंय’, ‘मला आठवतंय’, ‘असं वाटतंय’ अगदी सहज चालतं. म्हणून मूल ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणतं. कवी निस्सीम इझिकेल मुंबईचे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातले. ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत त्यांनी असंच इंग्रजी टिपलं आहे. वाचून लोक हसतात. मला त्यात मायबोलीची शिस्त इमानानं पाळणारा माणूस दिसतो. चूक आहेच, पण ती अडाणीपणाची नाही.

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. शिक्षकांना एवढीच विनंती: फळ्यावर आंबा खाणारा राम काढण्याआधी मुलांना विचारा, यंदा यात्रेला कुणाचा तमाशा येतोय? त्या उत्तरावरून चालू वर्तमानकाळ शिकवा. मग ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘वाँट’, ‘बिलीव्ह’ अशी मोजकी क्रियापदं उरतात. तेवढी मात्र पाठ करून घ्या.